विषाणूची किल्ली आणि गावचे खुराडे

कोंबड्या अचानक मरू लागल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे, ही सूचना आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्याच दिवशी का कळवावे, दोन दिवस वाट पाहिल्याने काय बिघडते, आणि ज्या घरी एकही पक्षी आजारी नाही त्या घरचे पक्षीदेखील का नष्ट करावे लागतात, या प्रश्नांची उत्तरे त्या सूचनेत लिहिलेली नसतात. ज्या आज्ञेचे कारण कळत नाही, ती आज्ञा शेतकरी भीतीपोटी पाळतो आणि भीती ओसरली की सोडून देतो. म्हणून प्रस्तुत लेखात या कारणाचाच विचार करावयाचा आहे. ते कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूच्या अंगावरील एका प्रथिनात दडलेले आहे. ते एकदा ध्यानात आले म्हणजे परसातल्या खुराड्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलावी लागेल, असे माझे मत आहे.

खानदेशाचा अनुभव

पाळीव पक्ष्यांतील बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा आढळला तो खानदेशातच. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुका १ जुलै १९९८ पूर्वी धुळे जिल्ह्यात मोडत असे. त्या नवापुरातील मोठमोठ्या कुक्कुटपालन केंद्रांत २००६ सालच्या प्रारंभी पक्षी झपाट्याने मरू लागले. प्रथम हे मृत्यू राणीखेत रोगाचे, म्हणजे ज्याला आपण मानमोडी म्हणतो त्याचे, असावेत असे समजले गेले. भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत नमुने तपासले गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी हा रोग एच-५ एन-१ या जातीच्या इन्फ्लुएंझा विषाणूचा असल्याचे जाहीर झाले. त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच जळगाव जिल्ह्यातील सावदा, मारूळ, हातेड व साळवे या गावी परसातील कोंबड्यांत तोच विषाणू सापडला. मार्चअखेर तो लगतच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात दिसून आला. नवापूरला लागून असलेल्या गुजरातमधील उच्छल भागातही तो पोचला होता. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात या सर्व क्षेत्रांत मिळून सुमारे १० लक्ष पक्षी नष्ट करावे लागले. देशभर अंडी व कोंबडीचे मांस यांची मागणी कोसळली, आणि ज्यांच्या शेडमध्ये रोग शिरलाही नव्हता असे व्यावसायिकही कर्जात बुडाले.

यात एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. नवापुरात पक्षी मोठ्या शेडमध्ये, मोजलेले व एकत्र होते. जळगाव जिल्ह्यातील गावांत ते घरोघर विखुरलेले होते. कोणाच्या ओसरीत चार, कोणाच्या गोठ्यात आठ, तर काही रात्री लिंबाच्या झाडावर बसणारे. तेथे घरोघर फिरून पक्षी गोळा करण्याचे काम किती कठीण असते याची कल्पना ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना सहज येईल. पुढे २०२१ साली नवापुरात हा रोग पुन्हा आला. तेव्हा ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

विषाणू आत कसा शिरतो

विषाणू स्वतः खात नाही, श्वास घेत नाही आणि स्वतःच्या बळावर वाढतही नाही. गोणीतले बी जसे वर्षभर निपचित पडून राहते आणि जमिनीची ओल मिळताच अंकुरते, तसा विषाणू जिवंत पेशीत शिरल्यावाचून वाढत नाही. पेशी म्हणजे सर्व सजीवांच्या शरीराची सूक्ष्म वीट. या विटेत शिरावे कसे, हा विषाणूपुढचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर त्याच्या बाह्यांगावर असते.

इन्फ्लुएंझाचा विषाणू मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. त्याच्या पोटात आनुवंशिक द्रव्याचे आठ तुकडे असतात, भोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते, आणि त्या आवरणावर प्रथिनांचे शेकडो काटे उभे असतात. शेतातले गोखरू डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे या रचनेची कल्पना येईल. हे काटे मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. एकाचे नाव हिमॅग्लुटिनिन, दुसऱ्याचे न्यूरामिनिडेज. त्यांच्याच आद्याक्षरांवरून 'एच' व 'एन' ही नावे पडली. पक्ष्यांत एच काट्याचे १६ व एन काट्याचे ९ प्रकार ज्ञात आहेत. एच-५ एन-१ म्हणजे पाचव्या प्रकारचा एच व पहिल्या प्रकारचा एन काटा धारण करणारा विषाणू होय.

गोखरू धोतराला चिकटते, पण पितळेच्या तांब्याला चिकटत नाही. त्याला अडकावयास सूत लागते. तद्वतच हिमॅग्लुटिनिनच्या काट्यासही पेशीवर विशिष्ट जागा लागते. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या लहान लहान साखळ्या असतात व त्यांच्या टोकाशी सियालिक आम्ल नावाचा घटक असतो. काट्याच्या शेंड्याशी असलेल्या खळग्यात हे टोक कुलपात किल्ली बसावी तसे बसते. एकेका काट्याची पकड सैल असते, परंतु अनेक काटे एकाच वेळी अडकल्याने विषाणू घट्ट धरला जातो.

त्यानंतर जे घडते त्यात पेशीची स्वतःचीच सवय विषाणूच्या उपयोगी पडते. बाहेरचे पदार्थ आपल्या आवरणाच्या पिशवीत गुंडाळून आत ओढण्याची पेशीची रीत आहे. चिकटलेला विषाणूही असाच आत ओढला जातो. या पिशवीतील द्रव हळूहळू आंबट होऊ लागतो. आंबटपणा पुरेसा वाढला की हिमॅग्लुटिनिनचा काटा एकाएकी आपले रूप बदलतो. त्याच्या आत दडलेले टोक बाहेर येऊन पिशवीच्या भिंतीत रुतते, विषाणूचे आवरण व पिशवीचे आवरण एकमेकांत मिसळतात, आणि आनुवंशिक द्रव्याचे आठही तुकडे पेशीत उतरतात. मग पेशी आपले काम सोडून विषाणूच्या प्रती तयार करू लागते. नव्या प्रती बाहेर पडताना त्याच सियालिक आम्लात अडकून बसू नयेत म्हणून न्यूरामिनिडेज हा दुसरा काटा ते टोक कापून टाकतो. खानदेशात पक्षी नष्ट करणाऱ्या पथकांना २००६ साली ओसेल्टामिविर नावाचे औषध देण्यात आले होते. ते या दुसऱ्या काट्याचे काम बंद पाडते.

रावेर-यावल भागातील केळी उत्पादक येथे विचारतील की, केळीवरील कुकुंबर मोझॅकचा विषाणूही असाच शिरतो काय? तसे नाही. वनस्पतीच्या पेशीभोवती जाड भिंत असते आणि तिच्यावर अशी किल्ली चालत नाही. त्या विषाणूला मावा कीड आपल्या सोंडेने भोक पाडून आत पोचविते. माव्याच्या सोंडेला चिकटून राहणे हे त्याच्या बाह्य प्रथिनाचे एक काम असते. म्हणून केळीत माव्याचा, तणाचा व शेजारच्या काकडीवर्गीय पिकांचा बंदोबस्त करावा लागतो, तर कोंबडीत विषाणू आणि पेशी यांची गाठच पडू न देणे महत्त्वाचे ठरते.

दोन दिवसांत सारे खुराडे का रिकामे होते

इन्फ्लुएंझाचे पुष्कळ प्रकार कोंबड्यांत सौम्य सर्दीसारखे येऊन जातात. मग एच-५ एन-१ ने ४८ तासांच्या आत जवळजवळ सर्व पक्षी का मरावेत? याचेही उत्तर त्याच काट्यात आहे.

हिमॅग्लुटिनिन तयार होते तेव्हा ते अखंड असते आणि अखंड असेतो त्याला रूप बदलता येत नाही. एका ठरावीक जागी त्याचा छेद व्हावा लागतो. हा छेद देणारी कात्री विषाणूजवळ नसते. ती यजमानाच्या शरीरातील पाचक द्रव्यांच्या रूपाने असते. सौम्य जातींच्या काट्यावरील छेदाची जागा अशी असते की, तिला लागणारी कात्री श्वासमार्ग व आतडे यांतच सापडते. म्हणून तो विषाणू तेवढ्याच भागात वाढतो व पक्षी बहुधा वाचतो. उग्र जातींत त्या जागी विशिष्ट अमिनो आम्लांची ओळ लांबलेली असते. त्यामुळे फ्युरिन नावाची कात्रीही तिला चालते, आणि फ्युरिन तर शरीराच्या जवळजवळ प्रत्येक अवयवात असते. परिणामी विषाणू मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंड अशा सर्व ठिकाणी एकाच वेळी वाढतो. तुरा व गलोल निळे पडणे, डोके सुजणे, पायांच्या नळ्यांवर रक्ताचे डाग दिसणे, अंडी एकदम बंद होणे किंवा मऊ कवचाची येणे, आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच पक्षी मरून पडणे, हे सर्व त्या एका बदलाचे परिणाम आहेत. एच-५ व एच-७ या प्रकारच्या सौम्य विषाणूंना कोंबड्यांच्या दाटीवाटीत फिरत असताना असा बदल होऊन उग्र रूप आल्याची उदाहरणे अनेक देशांत घडली आहेत.

राणीखेतचा विषाणू वेगळ्या कुळातला असला, तरी त्याच्याही बाह्य प्रथिनावर अशीच छेदाची जागा असते. उग्र राणीखेतच्या प्रथिनास सर्वत्र मिळणारी कात्री चालते. लासोटा या आपल्या नेहमीच्या लशीतील विषाणूस ती चालत नाही, म्हणून तो पक्ष्याला मारीत नाही. २०२० साली जगभर पसरलेल्या कोविडच्या विषाणूच्या काट्यावरही फ्युरिनने छेदली जाणारी जागा आहे. मात्र त्याची किल्ली सियालिक आम्लाऐवजी एसीई-२ नावाच्या प्रथिनात बसते. सारांश, आपण ज्यांना वेगवेगळे रोग म्हणतो, त्यांच्या प्रवेशाच्या युक्त्या पुष्कळशा सारख्या आहेत.

पक्ष्याची किल्ली मनुष्यास का लागत नाही, आणि केव्हा लागेल

पक्ष्यांच्या पेशींवर सियालिक आम्ल ज्या पद्धतीने जोडलेले असते, त्याहून ते मनुष्याच्या नाक व घसा यांतील पेशींवर निराळ्या पद्धतीने जोडलेले असते. हा फरक सूक्ष्म आहे, पण त्यामुळे पक्ष्यांच्या विषाणूची किल्ली आपल्या दारात नीट बसत नाही. २००६ साली नवापूर व जळगाव भागात हजारो लोकांचा आजारी पक्ष्यांशी संबंध येऊनही मनुष्यात एकही लागण सिद्ध झाली नाही, त्याचे हे एक मोठे कारण होय.

तथापि यावरून निर्धास्त होणे योग्य नाही. आपल्या फुप्फुसांच्या खोल भागात पक्ष्यांसारखी जोडणी काही प्रमाणात असते. आजारी पक्ष्याच्या विष्ठेची वा पिसांची धूळ भरपूर प्रमाणात श्वासावाटे गेली, तर विषाणू तेथवर पोचू शकतो. हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ लोकांना अशी लागण झाली व त्यांपैकी ६ दगावले. २००३ पासून जगभर नोंदल्या गेलेल्या एच-५ एन-१ च्या सुमारे एक हजार रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू पावले आहेत. भारतातही २०२१ साली दिल्लीत एका मुलाचा या विषाणूने मृत्यू झाला. रोगी थोडे, पण रोग प्राणघातक, असे हे चित्र आहे.

यापुढचा धोका किल्ली बदलण्याचा आहे. विषाणूच्या प्रती निघताना नक्कल करण्यात वारंवार चुका होतात. बहुतेक चुका त्याला निकामी करतात. परंतु एखादी चूक काट्याच्या खळग्याचा आकार असा बदलते की, ती किल्ली मनुष्याच्या दारातही फिरू लागते. शिवाय दोन निराळे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर त्यांच्या आठ-आठ तुकड्यांची अदलाबदल होऊन नवाच विषाणू जन्मास येतो. १९५७ व १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू असेच पक्ष्यांच्या व मनुष्याच्या विषाणूंच्या मिश्रणातून निर्माण झाले होते. डुकराच्या श्वासमार्गात दोन्ही प्रकारच्या जोडण्या असतात, त्यामुळे तो अशा अदलाबदलीस सोयीचा ठरतो. २००९ ची साथ डुकरांतील विषाणूपासूनच उद्भवली, आणि त्या साथीतील देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला होता.

एच-५ एन-१ अद्याप मनुष्यामनुष्यांत सहज पसरत नाही. परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्स व अमेरिकेतील दोन प्रयोगांत असे दिसून आले की, थोडेच बदल झाले तरी हा विषाणू मुंगसासारख्या फेरेट प्राण्यांत हवेतून पसरू शकतो. मार्च २०२४ मध्ये तो अमेरिकेतील दुभत्या गाईंत आढळला. गाईच्या कासेत पक्ष्यांसारखी जोडणी विपुल असल्याचे तेव्हा लक्षात आले. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच राज्यात नागपूरजवळच्या गोरेवाडा येथील तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूने मेले. पक्ष्यांचा म्हणून ओळखला जाणारा हा विषाणू नवनव्या दारांवर किल्ली लावून पाहत आहे, असाच याचा अर्थ होतो.

मुख्य मुद्दा

एका आजारी कोंबडीच्या शरीरात विषाणूच्या कोट्यवधी प्रती निघतात, आणि प्रत्येक प्रत ही किल्ली घासण्याची एक संधी असते. दोन दिवस उशिरा कळविणे म्हणजे त्या दोन दिवसांत पाच खुराड्यांऐवजी पन्नास खुराड्यांत या किल्ल्या घासू देणे होय. याच कारणाने रोगाच्या केंद्राभोवती १ किलोमीटर परिघातील निरोगी दिसणारे पक्षीही नष्ट केले जातात व १० किलोमीटरपर्यंत पाहणी ठेवली जाते. निरोगी दिसणारा पक्षी हा विषाणूसाठी न उघडलेले दार असतो. तो हटविला की पुढची साखळी तुटते. बदक तर आजारी न दिसताही विषाणू बाळगू शकते. 'माझी कोंबडी धडधाकट असताना का मारता?' या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे, आणि ते त्या घरच्या बाईस उभ्या उभ्या नव्हे, तर शांतपणे बसून सांगितले पाहिजे.

मात्र शास्त्र समजावून सांगितल्याने सर्व काम होईल, असे मला वाटत नाही. रोग दडपला जातो तो पुष्कळदा अज्ञानापेक्षा गरजेपोटी. भूमिहीन मजुराच्या घरी सहा कोंबड्या म्हणजे मुलांच्या वह्या, औषधपाणी व सणाचा खर्च असतो. पक्षी मरू लागले की उरलेले आठवडे बाजारात नेऊन मिळेल त्या भावाने विकून टाकण्याचा मोह होतो, आणि रोग बाजाराच्या वाटेने दहा गावांत जातो. येथे भरपाईचा प्रश्न येतो. २०२१ च्या साथीत राज्यात नष्ट केलेल्या मोठ्या अंडी देणाऱ्या पक्ष्यास ९० रुपये व मोठ्या मांसल पक्ष्यास ७० रुपये असा दर होता. हे दर शेडमधील पक्ष्यांच्या हिशेबाने ठरलेले आहेत. गावठी कोंबडीस बाजारात त्याच्या कित्येक पट किंमत मिळते. २०२२ साली रावेर तालुक्यातील चिनावल येथे राज्यातील लंपी चर्मरोगाचा पहिला प्रादुर्भाव आढळला, तेव्हा मृत गाईस ३० हजार, बैलास २५ हजार व वासरास १६ हजार रुपये साहाय्य देण्याचा निर्णय झाला होता. गुरांच्या बाबतीत जी दृष्टी ठेवली गेली, तीच परसातील कोंबडीच्या बाबतीत ठेवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. गावठी पक्ष्यास निराळा व वाजवी दर असावा आणि रक्कम पक्षी उचलतानाच पदरात पडावी. पन्नास-शंभर रुपयांसाठी ज्या बाईला तालुक्याच्या कचेरीत चार खेपा घालाव्या लागतील, ती पुढच्या वेळी पथक येण्यापूर्वी कोंबड्या माहेरी पाठवील, आणि तिला दोष देणे कठीण जाईल.

शेतकरी बंधू-भगिनींनीही व्यवहाराची एक गोष्ट लक्षात ठेवावी. भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. जो पहिल्या दिवशी कळवितो त्याचे अधिक पक्षी भरपाईस पात्र ठरतात. जो चार दिवस लपवितो त्याच्या हाती पिसे उरतात.

काही आक्षेप

'देशी कोंबडी काटक असते, तिला काही होत नाही', असे अनुभवी लोकही म्हणतात. देशी पक्षी ऊन, उपासमार व काही कृमींस अधिक तोंड देतो, हे खरे. परंतु सियालिक आम्ल व फ्युरिन देशी व विदेशी अशा दोन्ही पक्ष्यांत सारखेच असतात. जळगाव जिल्ह्यात २००६ साली मेलेल्या कोंबड्या परसातल्याच होत्या.

दुसरा आक्षेप असा की, हे सारे स्थलांतरित पक्ष्यांमुळे घडते, मग खुराड्यावर बंधने कशाला? हातनूर जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशीचे पाणपक्षी उतरतात, आणि पाणपक्षी या विषाणूंचे मूळ घर आहे, हे मान्य. पण त्या पक्ष्यांना आपण थोपवू शकत नाही व त्यांना मारणे निरर्थक आहे. शेडपासून शेडपर्यंत विषाणू नेण्याचे काम तर अंड्यांचे ट्रे, पिंजरे, वाहनांची चाके व आपली पादत्राणे करतात. यांवर आपला ताबा आहे.

तिसरा आक्षेप खाण्यासंबंधी आहे. साथीच्या दिवसांत अंडी-मांस सोडून देण्याचे कारण नाही. ७० अंश सेल्सिअस उष्णता आतपर्यंत पोचली की विषाणूचे काटे निकामी होतात. आपल्याकडील रस्सा त्याहून पुष्कळ अधिक उकळलेला असतो. धोका आजारी पक्षी कापताना, सोलताना व त्याची पिसे उपटताना असतो. म्हणून मेलेला वा आजारी पक्षी कधीही कापू नये.

या हिवाळ्यापूर्वी करावयाची कामे

खानदेशात हा रोग दोन्ही वेळा थंडीच्या दिवसांत आला. थंड व ओल्या विष्ठेत विषाणू अधिक काळ टिकतो, कडक उन्हात तो लवकर नष्ट होतो. तेव्हा दिवाळी होताच पुढील कामांस हात घालावा.

पहिले काम राणीखेतच्या लसीकरणाचे. ते मानमोडीसाठी आहेच, पण त्याचा दुसरा लाभ फारसा सांगितला जात नाही. ज्या गावात लस नियमित टोचली गेली आहे, त्या गावात पक्षी एकाएकी मेले तर 'मानमोडी असेल' म्हणून कोणी स्वस्थ बसणार नाही. नवापुरात प्रारंभी जो समज झाला, तसा समज होण्यास मग जागा उरत नाही.

दुसरे काम मोजणीचे. कोणाच्या घरी किती कोंबड्या, बदके व डुकरे आहेत याची नोंद ग्रामपंचायतीत असावी. अशी नोंद असेल तर भरपाईत वाद होत नाही व पथकाचे दोन दिवस वाचतात. ही नोंद कर बसविण्यासाठी नाही, हे मात्र गावास पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

तिसरे काम खुराड्याच्या व्यवस्थेचे. कोंबड्या, बदके व डुकरे एकत्र ठेवू नयेत. खाद्य-पाणी झाकून ठेवावे, ज्या तळ्यावर रानपक्षी उतरतात तेथील पाणी पाजू नये. बाजारातून आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवावा. दुसऱ्याच्या शेडमधून आलेले ट्रे धुतल्याशिवाय आत नेऊ नयेत. विषाणूचे आवरण स्निग्ध असल्याने साबणाने ते विरघळते व काटे धारण करणारी चौकटच मोडते. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

चौथे काम कळविण्याचे. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग नियंत्रण कायद्यान्वये अशा रोगाची शंका येताच गावच्या अधिकाऱ्यास वा पंचायतीस कळविणे हे पशुमालकाचे कर्तव्य आहे, आणि त्यांनी ते जवळच्या पशुवैद्यकास कळवावयाचे आहे. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावरही पशुसंवर्धन विभागाशी संपर्क साधता येतो. मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने शिवू नये, उकिरड्यावर वा नाल्यात फेकू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये, आणि पशुवैद्यक येईपर्यंत गावातून एकही पक्षी बाहेर जाऊ देऊ नये.

ज्यांना गाव अजूनही ग्रामसेवक म्हणून हाक मारते त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांस, कृषी सहायकांस व पशुधन पर्यवेक्षकांस माझी विनंती आहे की, पुढील ग्रामसभेत किंवा महिला बचत गटाच्या बैठकीत हा विषय घ्यावा. एक गोखरू व एक कापडाचा तुकडा बरोबर न्यावा. गोखरू कापडाला कसे चिकटते व तांब्याला कसे चिकटत नाही, हे करून दाखवावे, म्हणजे हिमॅग्लुटिनिनचे नाव न घेताही विषय समजेल. कोंबड्यांची देखभाल बहुतेक घरी स्त्रियाच करतात. त्यांना कारण पटले आणि भरपाईचा भरवसा वाटला, तर रोगाची पहिली वार्ता खुराड्याचे दार उघडणारीच पहाटे आणील, आणि त्या दिवशी दवाखाना उघडताच पशुवैद्यक तिच्या दारी पोचला पाहिजे.